नारोशंकराची घंटा आणि झेंडूची माळ

स्वेटर बाहेर काढलेत का? नाशिककर असाल तर काढलेच असतील. तिकडे निफाडला पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो, द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या करतात आणि आपण पांघरुणात पडून असले पॉडकास्ट ऐकतो! ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित पाठ. बोलले तसंच लिहिलंय, फार साफसूफ केलेलं नाही.

आजचा विषय आहे फुलं. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! बागकामाच्या टिप्स नाहीत या. पाऊस गेला, दसरा-दिवाळी झाली, थंडी पडली, तरी जी फुलं हट्टानं फुलतच राहतात, त्यांचा हा इतिहास आहे. झेंडू, शेवंती, ॲस्टर, गुलाब. ही फुलं नाशिकमध्ये आली कुठून, आणि ‘आपली’ कधी झाली?

घाटावरची एक सकाळ

गेल्या डिसेंबरात एका सकाळी सातच्या सुमारास गोदाघाटावर गेले होते. पाण्यावर धुकं, टपरीवर चहा, आणि रामकुंडापाशी फुलांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. एका मावशींकडून द्रोण घेतला. द्रोणात एक पणती, दोन शेवंत्या आणि एक टपोरा झेंडू. सहज विचारलं, “मावशी, हा झेंडू कुठला?”

“कुठला म्हंजे? मखमलाबादचा. आमच्याच मळ्यातला!”

उत्तर शंभर टक्के खरं होतं. पण तरीही मला हसू आलं. कारण मावशींच्या मागेच नारोशंकराचं देऊळ होतं आणि देवळावर ती प्रसिद्ध घंटा.

नारोशंकराची घंटा नाशिकमध्ये लहान पोरालाही माहीत असते. सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये हे रामेश्वराचं देऊळ बांधलं. त्याच्या आठ वर्षं आधी, १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला होता. त्या विजयाची खूण म्हणून ही घंटा इथे आली. म्हणजे पोर्तुगिजांची घंटा आज शंकराच्या देवळावर आहे. ही गोष्ट आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो.

पण घंटेच्या खाली टोपलीत बसलेल्या फुलाची गोष्ट कुणीच सांगत नाही. आणि ती तर घंटेपेक्षाही लांबची आहे.

झेंडूचं जन्मगाव

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या ॲझ्टेक लोकांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ होतो ‘वीस फुलं’. वीस म्हणजे ‘पुष्कळ’ या अर्थानं. आणि हे नाव वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानंही बरोबर आहे! झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर अनेक छोट्या फुलांचा गुच्छ. आपण जिला पाकळी म्हणतो, ती प्रत्येक पाकळी स्वतंत्र फूल असते. शेवंती, ॲस्टर, डेलिया, कॉसमॉस, सूर्यफूल, सगळी याच कुळातली. एक फूल तोडलं म्हणजे आपण अख्खी वाडी उचलून आणतो म्हणा ना.

आता जरा गणित करू. स्पेननं ॲझ्टेकांची राजधानी जिंकली १५२१ मध्ये. पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, वसई त्यांच्या हातात आली १५३४ मध्ये. मिरची, बटाटा, पेरू, काजू, सीताफळ, असा सगळा अमेरिकेतला माल याच काळात समुद्रमार्गानं आपल्याकडे यायला लागला. झेंडू त्यांचाच सहप्रवासी. म्हणजे महाराष्ट्रात झेंडूचं वय फार तर पाचशे वर्षं.

याचा अर्थ लक्षात घ्या. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांनी समाधी घेतली १२९७ मध्ये. दर वर्षी पौषात, ऐन थंडीत, तिथे वारी भरते. आज त्या वारीत रथांना, पालख्यांना झेंडूच्या माळा असतात. पण निवृत्तिनाथांनी स्वतः झेंडू पाहिलेला असणं शक्यच नाही! ज्ञानेश्वरांनी नाही, मुक्ताईनं नाही. इतकंच काय, मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या सावता माळ्यांच्या मळ्यातही झेंडू नव्हता, आणि मिरचीही नव्हती.

गंमत पुढे आहे. मोठ्या फुलाच्या झेंडूला शेतकी पुस्तकांत ‘आफ्रिकन झेंडू’ म्हणतात आणि बुटक्या, लालसर झेंडूला ‘फ्रेंच झेंडू’. दोघांचाही जन्म ना आफ्रिकेतला ना फ्रान्समधला. आधार कार्डावर जन्मगाव चुकलं आणि पुढे कुणी दुरुस्तच केलं नाही, तशातली गत!

आणि मेक्सिकोत या फुलाचं काम काय, तर तेही ऐका. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे मृतांचा सण असतो. घरोघरी झेंडूनं सजवलेल्या वेद्या मांडतात, आणि काही ठिकाणी थडग्यापासून घरापर्यंत पाकळ्यांची वाट काढतात. त्या रंगाच्या आणि वासाच्या मागोमाग गेलेली माणसं एका रात्रीपुरती घरी येतात, अशी श्रद्धा. आता रामकुंड आठवा. देशभरातून लोक अस्थी घेऊन जिथे येतात, त्या पाण्यावरही हेच फूल तरंगत असतं. दोन समाज, मध्ये अर्धी पृथ्वी, आणि निरोपाच्या वेळी हातात फूल तेच. कुणी कुणाचं पाहून केलेलं नाही हे. थंडीच्या तोंडावर भरपूर, स्वस्त आणि टिकाऊ असं जे फूल हाताशी होतं, ते दोन्हीकडच्या माणसांनी उचललं.

अंधार मोजणारी शेवंती

झेंडू पश्चिमेकडून आला, तर शेवंती आली पूर्वेकडून. ती चीनची. चिनी लोक शेकडो वर्षं शेवंतीच्या बागा करत आलेत. त्यांच्या नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या दसरा-दिवाळीच्या आसपास, शेवंतीचा सण असतो. जपानमध्ये तर ती थेट बादशाही घराण्याच्या राजचिन्हावर जाऊन बसली. नावाची गंमत म्हणजे हिंदीत ‘सेवती’ म्हणजे पांढरा गुलाब, आणि आपल्या शेवंतीला ते ‘गुलदाउदी’ म्हणतात. ॲस्टरही चीनचाच. अठराव्या शतकात एका फ्रेंच मिशनऱ्यानं त्याचं बी चीनमधून पॅरिसला पाठवलं आणि तिथून ते जगभर पसरलं.

पण शेवंती थंडीतच का फुलते? बरेच जण म्हणतील, “तिला थंडी आवडते.” अर्धं उत्तर बरोबर. उरलेलं अर्धं सापडलं अमेरिकेत, आणि तेही तंबाखूच्या शेतात.

गार्नर आणि ॲलर्ड नावाचे दोन शास्त्रज्ञ अमेरिकी शेतीखात्यात काम करायचे. तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसती उंच वाढायची, फुलायचीच नाही. त्यांनी खत बदललं, पाणी बदललं, काही फरक नाही. शेवटी त्यांनी भर उन्हाळ्यात कुंड्या रोज दुपारनंतर एका अंधाऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली. दिवस मुद्दाम लहान केला. आणि झाडं फुलली! १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे कळलं की अशी झाडं खरं तर दिवस मोजत नाहीत, ती रात्र मोजतात. सलग अंधार ठरावीक तासांपेक्षा लांबला की मगच कळी धरायची, हा त्यांचा नियम.

शेवंती त्यातलीच. नाशिकमध्ये जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, आणि डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांच्या जरा आत. हा दोन-अडीच तासांचा फरक तुम्हाआम्हाला फारसा जाणवत नाही. शेवंतीला जाणवतो. म्हणून तर फुलशेती करणारे काही जण शेवंतीच्या शेतात रात्री दिवे लावतात. तिला वाटतं अजून रात्र लहान आहे, आणि ती थांबते. सणाच्या हिशेबानं दिवे बंद केले की कळ्या धरतात. तुमच्या सोसायटीत रस्त्यावरच्या दिव्याखाली शेवंतीची कुंडी असेल तर बघा, ती बाकीच्यांपेक्षा उशिरा फुलते की नाही. तिला बिचारीला रात्रच मिळत नाही.

आणि थंडीचं म्हणाल, तर थंडी फुलाला टिकवते. पावसाळ्यात झेंडूच्या पोटात पाणी साचून तो सडतो. थंडीत हवा कोरडी असते, झाडाचा सगळा कारभार संथ चालतो, त्यामुळे उमललेलं फूल कितीतरी जास्त दिवस झाडावर राहतं. युरोपात पहिलं हिमतुषार पडलं की झेंडू काळा पडून मरतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर. इथे थंडी आहे, पण सहसा जीवघेणी नाही. म्हणून मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडायला शेवंती-झेंडू मिळतात, आणि पौषातही बाजार भरलेला असतो.

गुलशनाबाद

नाशिकला फुलांचं शहर म्हणणारे आपण पहिले नाही. सतराव्या शतकात हा मुलूख मोगलांच्या ताब्यात गेला तेव्हा त्यांनी शहराचं नावच ठेवलं ‘गुलशनाबाद’. गुलशन म्हणजे फुलबाग. अठराव्या शतकाच्या मध्यावर पेशव्यांचा अंमल पक्का झाला आणि ‘नाशिक’ हे जुनं नाव परत आलं. शहराचं नाव बदललं, पण फुलांची नावं कुणी बदलली नाहीत! गुलाब, गुलछडी, गुलबक्षी, गुलमोहर. ‘गुल’ हा फारसी शब्द आपल्या आजीच्या तोंडात इतका मुरला की तो बाहेरचा आहे हेच विसरायला झालं. यातली गुलछडी, म्हणजे आपला निशिगंध, आणि गुलबक्षी या दोघी अमेरिका खंडातल्या, आणि गुलमोहर मादागास्करचा. नाव इराणचं, गाव तिसरंच, आणि अंगण आपलं.

ही फुलं वाढवली कुणी? माळ्यांनी. त्यांची नावं शिलालेखात सहसा सापडत नाहीत, कारण शिलालेख देऊळ बांधणाऱ्याचा असतो, हार करणाऱ्याचा नसतो. एका घराण्याचं नाव मात्र राहिलं. मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुलं पुरवण्याचं काम या घराण्याकडे होतं, म्हणून लोक त्यांना ‘फुले’ म्हणायला लागले. त्याच घरातल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि विचारलं की देव आणि माणूस यांच्या मध्ये हा दलाल कशाला हवा? ज्या घरानं पिढ्यान्पिढ्या देवाची फुलं गुंफली, त्या घरातून हा प्रश्न आला.

दारात अडलेली माणसं

आणि आता मी जिथे पोचायचं म्हणत होते, तिथे येते.

गोदाघाटावरून पंचवटीत पाच-दहा मिनिटं चाललं की काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला या देवळासमोर सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी आघाडीवर, आणि हजारोंची मिरवणूक. मागणी एवढीच की आम्हाला आत जाऊ द्या. देवळाची दारं बंद करण्यात आली. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. पुढची पाच वर्षं हा लढा चालू राहिला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो, तो माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. शेवटी १९५० च्या राज्यघटनेत कलम १७ आलं आणि अस्पृश्यता कायद्यानं गुन्हा ठरली.

दार बंद ठेवणाऱ्यांचं कारण काय होतं? एकच शब्द, परंपरा. ‘हे असंच चालत आलंय.’

आता त्या टोपलीकडे परत बघा. मेक्सिकोचा झेंडू, चीनची शेवंती. समुद्र ओलांडून आलेली फुलं. त्या काळी समुद्र ओलांडलेल्या माणसाला प्रायश्चित्त घ्यायला लावायचे बरं का! झेंडूला कुणी प्रायश्चित्त दिलं नाही. त्याची जात विचारली नाही, जन्मगाव विचारलं नाही. तो थेट देवाच्या गळ्यात गेला. आणि ज्यांचे आजे-पणजे याच गोदावरीच्या काठी जन्मले आणि इथेच मेले, ती माणसं बाहेर उन्हात बसून होती.

मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. कारण यातून एक गोष्ट सरळ दिसते. ‘परंपरा’ कधीच कुलूपबंद नव्हती. तिच्यात नवीन फूल घेता येत होतं, नवीन फळ घेता येत होतं, शत्रूची घंटासुद्धा घेता येत होती. जे घ्यायचं नव्हतं, तेवढ्यापुरतंच ‘हे चालत आलेलं नाही’ हे कारण बाहेर काढलं जात होतं. त्यामुळे यापुढे कुणी तुम्हाला म्हणालं की अमुक आपल्या परंपरेत बसत नाही, तर शांतपणे विचारा, “आणि झेंडू?”

कुंपणावरची विसरलेली

मग थंडीत फुलणारं अस्सल इथलं काही आहे की नाही? आहे ना. दोन नावं लक्षात ठेवा.

पहिलं कुंद. पांढरं, चांदणीसारखं, मोगऱ्याच्या नात्यातलं. संस्कृत कवींनी प्रत्येक ऋतूला एक फूल वाटून दिलं, त्यात हेमंताच्या वाट्याला कुंद आलं. कालिदासाच्या ‘मेघदूता’त अलकानगरीतल्या स्त्रिया सहाही ऋतूंची फुलं एकदमच लेवून असतात, त्यात केसांत माळलेला हा कुंद आहे.

दुसरं कोरांटी. काटेरी झुडूप, पिवळी फुलं, पाऊस सरल्यावर फुलायला लागते आणि थंडीत अगदी बहरात असते. पूर्वी नाशिकच्या आसपास मळ्यांच्या कडेला, कुंपणात सहज दिसायची. कुणी मुद्दाम लावायचं नाही, कुणी पाणी घालायचं नाही. आता कुंपणं काँक्रीटची आणि तारेची झाली, आणि कोरांटी गेली. कुणी विरोध केला नाही, कारण ती गेल्याचं कुणाला कळलंच नाही.

म्हणजे बघा, बाहेरून आलेलं फूल आपलं झालं, आणि इथलंच फूल परकं झालं. फरक कशानं पडला? कुणीतरी हातानं लावलं की नाही, एवढ्यानंच.

आज

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. नवीन परंपरा आपल्या डोळ्यांसमोर तयार होतेय. दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीकडे गेलात तर पॉलिहाऊसमध्ये लांब दांड्याचे गुलाब दिसतील. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या ‘त्या’ दिवसासाठी लागणारी फुलं डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढत असतात. थंडी जास्त पडली की कळी लांबते, तारीख हुकते आणि भाव जातो. म्हणजे तुमचं प्रेम वेळेवर पोचणं हे नाशिकच्या पाऱ्यावर अवलंबून आहे!

झेंडूवाल्याचं दुखणं वेगळं. रोप लावल्यावर साधारण दोन महिन्यांनी फुलं येतात, म्हणून सगळे जण दसरा पकडून लागवड करतात आणि सगळ्यांची फुलं एकदमच बाजारात येतात. सकाळी चढलेला भाव संध्याकाळी कोसळतो. मग दसऱ्याच्या रात्री चौकाचौकात झेंडूचे ढीग तसेच टाकून ट्रॅक्टर रिकामे परत जातात. दुसऱ्या दिवशी आपण त्या ढिगांचा फोटो टाकतो. आणि दुसऱ्या बाजूनं आलंय प्लॅस्टिकचं फूल. ते कोमेजत नाही, सडत नाही, दर वर्षी धुऊन लावता येतं. पण त्याच्यामागे मळा नाही, पहाटे उठून तोडणी करणारी बाई नाही, माळ गुंफणारा हात नाही. झेंडू परका होता, पण त्याला इथल्या मातीत रुजावं लागलं. प्लॅस्टिकला रुजावं लागत नाही. आत घेण्याबद्दल प्रश्न विचारायचाच असेल तर तो या फुलाला विचारावा, असं मला वाटतं.

माझी आजी गंगापूर रोडच्या घरी रोज सकाळी कुंड्यांतली वाळलेली फुलं खुडायची. मी म्हणायचे, “आजी, राहू दे की, छान दिसतात.” ती म्हणायची, “अगं, जुनं खुडलं नाही तर नवं यायचं थांबतं.” मला वाटायचं, म्हातारपणाची खोड आहे. नंतर कळलं की ते शास्त्र आहे. फुलाचं बी धरलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते फुलणं आवरतं घेतं. वाळकं फूल वेळेवर खुडलं तर झेंडू पार जानेवारीपर्यंत फुलत राहतो. आजी दोन-चार फुलं मात्र मुद्दाम ठेवायची. बियांसाठी. पुढच्या पावसात तीच पेरायची.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. एक, घरातल्या झेंडूची वाळलेली फुलं खुडा, दोन बियांसाठी ठेवा. दोन, सकाळच्या फेरफटक्यात कुठे पिवळी कोरांटी दिसली तर फोटो काढा आणि गावाच्या नावासकट आम्हाला पाठवा. बघू या, नाशकात किती उरलीय. आणि तीन, घाटावर गेलात तर त्या मावशींना विचारा, झेंडू कुठला म्हणून. त्या म्हणतील, आमच्याच मळ्यातला. मान डोलवा आणि विकत घ्या, कारण त्या म्हणतात ते बरोबर आहे.

भाग आवडला असेल तर घरातल्या ग्रुपवर जरूर टाका, विशेषतः ज्या काकांना ‘आपली परंपरा’ फार आवडते त्यांना. पुढच्या भागात भेटू. तोवर कान झाका, थंडी आहे!